जुनी पिकअप साठ हजारात कामाची कशी केली, खालून वर

मागच्या दिवाळीनंतर आम्ही २०१२ ची बोलेरो पिकअप घेतली. दुसरा मालक, कागद क्लिअर, इंजिन बरं. घेतली त्याच संध्याकाळी घरात वाद, कारण गाडीवर घालायला हातात साठ हजार उरलेले आणि धाकट्याच्या मोबाईलमध्ये यादी आधीच तयार, पुढं बुलबार (लोखंडी गार्ड), कॅबिनवर एलईडी बार, अलॉय, मागं एकेक जादा पाटा (स्प्रिंगची पट्टी) आणि दोन भोंग्यांचा हॉर्न. मी म्हणलं आधी टॉर्च घे आणि गाडीखाली झोप, वर आल्यावर यादी वाच. अर्ध्या तासानं बाहेर आला तो तोंड काळं करून, आणि पहिलं काय म्हणला तर दादा मागचा ब्रेकचा पाईप पार गंजलाय.

तेव्हा ठरलं ते आता सगळ्यांना सांगतो. कमी पैशात जुनी पिकअप करायची असेल तर खालून वर यायचं, पाटे, ब्रेक, टायर, मग वायरिंग, मग हौदा (मागची माल भरायची जागा), आणि शेवटी उरले तर कॅबिन. वरून खाली आलात तर पैसे कॅबिनच्या टपावरच संपतात, हे मी गावात चार जणांचं बघितलंय.

आमचं काम ओतूरच्या बाजूला, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर. टोमॅटो नारायणगावला, आणि कधीमधी रात्रीतून माळशेज उतरून मुरबाड कल्याणमार्गे वाशी. तुमचा माल वेगळा असेल तर हौद्याचं गणित बदलेल, बाकी बरंचसं तेच राहील.

घ्यायच्या आधी

हे थोडक्यात सांगतो कारण बऱ्याच जणांची गाडी घेऊन झालेली असते. बोलेरो घेतली कारण तिचं सामान तालुक्याच्या गावी कुठल्याही दुकानात मिळतं आणि प्रत्येक मिस्त्रीचा हात तिच्यावर बसलेला असतो. काम हलकं असेल, गावातल्या गावात खेपा असतील, तर छोटा हत्ती (टाटा एस) घ्या. २००५ पासून तो रस्त्यावर आहे, जुन्या गाड्या भरपूर मिळतात, पण घाटात भरून चढवायचा असेल तर जुन्या ७०२ सीसीच्या दोन सिलेंडर इंजिनाकडून फार अपेक्षा ठेवू नका.

इंजिन गरम करा, चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. तिथून भकाभका धूर आणि हवा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, ती गाडी साठ हजारात होत नाही, सोडा. मालकाला विचारा आधी काय भरायचात. मासळी, मीठ आणि युरिया, या तीन गाड्यांचं चॅसी (खालचा सांगाडा) आतून खाल्लेलं असतं. वरून कितीही रंग मारू दे, हौद्याच्या खाली जिथं पाणी साचतं तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, छोट्या हातोडीनं ठोकत जा. चांगलं लोखंड टण्ण वाजतं आणि सडलेलं बद्द. चॅसीला ठिगळ मारलेलं दिसलं तर किंमत पाडत बसू नका, दुसरी गाडी बघा.

कागदात मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून घ्या, बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, आणि ई-चलान किती थकलंय ते त्याच्या समोर बसून चेक करा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे एचएसआरपी (सरकारी सुरक्षित नंबर प्लेट) बसलीय का तेही बघा. ८ वर्षांवरच्या ट्रान्सपोर्ट गाडीला आपल्याकडं पर्यावरण कर आहे, तो भरलाय का विचारा, नाहीतर फिटनेसला गेल्यावर ते तुमच्या गळ्यात. फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. म्हणजे तुम्ही गाडीवर जे काय कराल ते दरवर्षी एक इन्स्पेक्टर बघणार आहे, हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

काय करायचंच नाही

मॉडिफाय शब्द ऐकला की लोकांना वाटतं आपली गाडी आपले पैसे, कोण विचारतंय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे की आरसीत जे लिहिलंय ते कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं पडेल असा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए आलं, मालकाला एकेका बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बुलबारवर तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलेलं. आणि कायदा बाजूला ठेवा, बुलबार म्हणजे पुढच्या नाकावर कायमचं तीस चाळीस किलो, आणि ठोकर बसली की धक्का सरळ चॅसीला, आणि समोर माणूस आला तर त्याचं काय होतं ते लिहायला नको.

हौदा लांब करणं, फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) बाहेर माल काढणं, चॅसी वाढवणं, इंजिन बदलणं परस्पर, हे सगळं सोडून द्या. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत अर्ज करून आरसीवर नोंद करून घ्या. विम्याचंही तेच, अपघात झाला आणि सर्व्हेअरनं न कळवलेला बदल बघितला की क्लेम अडकायला तेवढं कारण पुरतं.

मग उरतं काय? खूप उरतं.

आधी वजनाचं गणित, मग खर्च

आरसी काढा. त्यावर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं वजन. आमच्या गाडीचं १,६५० आणि २,९५०. फरक १,३०० किलो. (भरलेलं वजन ३,००० किलोच्या आत असलं की परमिट लागत नाही, हा एक फायदा.) आता या १,३०० मध्ये नुसता माल नाही, दोन माणसं १४० किलो, ताडपत्री, दोर, जॅक, पाण्याचा कॅन धरून ३० किलो. मालाला उरले १,१३०.

टोमॅटोची एक जाळी भरून २२ किलोच्या आसपास पडते, २० किलो माल आणि बाकी प्लास्टिक. १,१३० भागिले २२, म्हणजे ५१ जाळ्या.

आता टेप घेऊन हौद्यात उतरलो. आतून रुंदी १,७०० मिमी, लांबी २,५००. जाळी ५४० बाय ३६०. रुंदीत जाळी आडवी टाकली तर तीन बसतात आणि ८० मिमी उरतं. उभी टाकली तर चार बसतात पण २६० मिमी वाया, आणि वाया गेलेल्या जागेत जाळ्या वळणावर सरकतात. म्हणून आडव्या तीन. लांबीत सहा ओळी. एका थराला १८ आणि तीन थराला ५४. म्हणजे तिसरा थर पूर्ण व्हायच्या आधीच गाडीचं कायदेशीर वजन संपतं!

हे कळलं तेव्हा आमचे दहा पंधरा हजार वाचले, कारण बाजू उंच करायची जाळी, जिच्यासाठी धाकटा वेल्डरकडं माप देऊन आला होता, ती टोमॅटो कांद्याला लागतच नाही. ओव्हरलोडला कलम १९४ खाली २०,००० दंड आणि वर जादाच्या दर टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा तुमच्या खर्चानं. पाच थर लावून जाणारे रोज दिसतात, मला माहितीय, पण त्यांचे पाटे आणि बेअरिंग किती दिवसांनी बदलतात तेही त्यांनाच विचारा.

आणि दुसरी गोष्ट याच गणितातून निघते. गाडीवर चढवलेलं प्रत्येक किलो लोखंड म्हणजे तेवढा माल कमी, दर खेपेला, गाडी विकेपर्यंत. हे पुढं हौद्याला लागणार आहे.

पाटे, आणि आमच्याकडून झालेली चूक

धाकट्याच्या यादीतला जादा पाटा मी मान्य केला होता, खोटं कशाला बोलू. मागून गाडी बसलेली दिसत होती आणि हायवेच्या एका पाटेवाल्यानं सांगितलं एकेक पाटा टाकतो, दोन टन भरला तरी हलणार नाही. टाकला. गाडी मागून झक्कास उचलली गेली, फोटो बिटो काढून झाले.

पहिल्याच आठवड्यात अर्धी गाडी टोमॅटो नेला तर वरच्या थरातला माल फुटलेला, जाळ्यांतून रस गळतोय. पाटे इतके कडक झाले की कमी मालावर गाडी नुसती उड्या मारते. मग एका पहाटे माळशेज उतरताना, पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता ओला, पुढं एसटी थांबली म्हणून ब्रेक दाबला तर गाडीनं नाक खाली घातलं, पुढची चाकं जाम झाली आणि गाडी स्टिअरिंग फिरवूनही सरळच निघाली. दोन हात अंतरावर थांबली. एसटीच्या मागच्या काचेवरची धूळ अजून आठवते मला.

कारण आमच्या जुन्या मिस्त्रींनी दाखवलं. बऱ्याच पिकअपला मागच्या अॅक्सलपासून चॅसीपर्यंत एक दांडी गेलेली असते, ती एका व्हॉल्व्हला जोडलेली, त्याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी भरली की मागून बसते, दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की वजन आहे आणि तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. रिकामी असली की कमी सोडतो, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. आता तुम्ही जादा पाटा टाकून मागचा भाग दोन इंच वर उचलला, की व्हॉल्व्हच्या दृष्टीनं गाडी कायम रिकामी. माल भरलाय तरी मागचा ब्रेक अर्धाच, आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर. पाटेवाल्यानं दांडीकडं बघितलंसुद्धा नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

जादा पाटे काढले. मग बरोबर काम केलं ते असं. दोन्ही बाजूचे पाटे खोलून, एकेक पाटा तारेच्या ब्रशनं घासून चिरा बघितल्या, चीर बहुतेक सेंटर बोल्टच्या भोकापासून सुरू होते. डावीकडचा एक तुटलेला सापडला, म्हणूनच गाडी बसलेली दिसत होती, कमजोर म्हणून नाही! तो नवा टाकला आणि उजवीकडचा जोडीचाही बदलला, कारण एकीकडं नवा एकीकडं जुना केला की गाडी तिरकी उभी राहते. बाकीच्यांना कमान मारून घेतली (सपाट झालेला बाक परत दिला), थंडच, घणानं. कोणी गॅसनं लाल करून कमान देतो म्हणाला तर उठून या, पाट्याचा टेंपर (कडकपणा) जातो आणि महिन्यात परत सपाट. पाट्याला वेल्डिंग तर कधीच नाही.

बुश, शॅकल पिना, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट सगळे नवे. यू-बोल्ट जुनेच परत लावू नका, ते एकदा ताणले गेले की परत तसे धरत नाहीत. माल भरून ५०० किमी झाले की पुन्हा आवळून घ्यायचे, हे प्रत्येक जण विसरतो. पाट्यांचं सगळं मिळून ८,५०० गेले, त्यात जादा पाट्यांचे आधी घातलेले पैसे धरलेले नाहीत, ते शिकवणी म्हणून सोडले. एलएसपीव्हीची दांडी जाम झालेली होती, ती सोडवून, मिस्त्रींकडून कंपनीच्या मापावर सेट करून घेतली.

ब्रेक आणि टायर

ब्रेकला कंजूषपणा नको. मागचे ड्रम उघडून लायनर, व्हील सिलेंडरचे किट, गंजलेला पाईप, चारही रबरी होज बघून दोन बदलले, ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदलायचंच, नाहीतर घाटात गरम झालं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. हँडब्रेकची केबल जुनी असेल तर तीही याच फेरीत. आमचे ६,८०० झाले.

टायरला धाकट्याला अलॉय आणि रुंद टायर पाहिजे होते. कंपनीचंच माप ठेवा, आमच्या गाडीला २१५/७५ आर १५, आठ प्लाय (थर), एलटी. एलटी म्हणजे माल वाहायचा टायर. कारचा टायर त्याच मापात स्वस्त मिळतो आणि रिममध्ये बसतोही, पण भरलेल्या गाडीखाली त्याची साईड फुगते आणि गरम होऊन फुटतो. टायर मोठा केला तर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, गाडीची ओढ मरते आणि ब्रेकला जास्त जोर लागतो. जुना टायर घेत असाल तर साईडला चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, सहा सात वर्षं जुना आणि साईडला बारीक भेगा असतील तर नको. रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला) पुढं कधीच नाही, मागंसुद्धा उन्हाळ्यात लांबच्या खेपेला मी घालत नाही. आम्ही दोन नवे घेतले १३,००० मध्ये, आधीचे त्यातल्या त्यात बरे दोन ठेवले, एक स्टेपनीला.

प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, हलत होता, गिअर टाकताना खालून टक्क आवाज यायचा, तो १,४०० मध्ये गेला.

लाईट

इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. जुन्या पिकअपचा लाईट पिवळा आणि मंद पडतो, मग लोक १००/९० वॅटचे बल्ब टाकतात नाहीतर पांढरे एलईडी. मोठ्या बल्बनं होल्डर वितळतो, आणि हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी टाकला की उजेड सगळीकडं पसरतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि तुम्हाला रस्ता काही जास्त दिसत नाही. दोन्ही नियमातही बसत नाहीत.

खरी गोष्ट अशी की बल्बला १२ व्होल्ट पोचतच नसतात. करंट बॅटरीपासून स्विच, स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच, दहा वर्षांचे गंजलेले जोड असा फिरत येतो, बल्बपर्यंत साडेदहा राहतात. वायरमनला मीटर लावून बल्बच्या पिनेवर मोजायला सांगा, तुमच्या समोर. आमच्याकडं १०.४ दाखवला. मग रिले सेट (बॅटरीचा करंट सरळ बल्बला सोडणारे स्विच) टाकला, दोन रिले, एक लो एक हाय, बॅटरीवरून २.५ एमएमची वायर, बॅटरीजवळच फ्यूज, आणि अर्थ चॅसीला रंग खरवडून घट्ट. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब मिळून दहा अॅम्पियरच्या आसपास घेतात, त्यामुळं १५ चा फ्यूज पुरतो. तेच बल्ब, तीच काच, आणि पहिल्या रात्री आळेफाट्याकडं जाताना समोरून गाड्या डिपर द्यायला लागल्या म्हणून हेडलाईटचं लेव्हलही सेट केलं, माल भरून! रिकाम्या गाडीवर सेट केलं तर भरल्यावर लाईट झाडावर जातो.

मागचे लाईट, इंडिकेटर, रिव्हर्स लाईट, नंबर प्लेटचा दिवा, रिफ्लेक्टिव्ह टेप, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. टेप लावताना खालचा पत्रा थिनरनं पुसून कोरडा करा, नाहीतर एका पावसात निघते. हौद्यात एक छोटा १२ व्होल्टचा एलईडी दिवा लावला, पहाटे तीनला माल उतरवताना मोबाईल तोंडात धरायला लागत नाही. हे सगळं धरून २,६०० रुपये. एकूण खर्चात सगळ्यात जास्त समाधान देणारे पैसे हेच.

हौदा

हौद्याची जमीन सडली होती. आधीच्या मालकानं वर प्लायवूड टाकलेलं, त्याखाली पाणी साचून पत्र्याला भोकं. वेल्डरनं सांगितलं ३ एमएमचा लोखंडी चेकर पत्रा टाकतो, जन्मात बघायला नको. बरोबर आहे, पण गणित करा. हौदा ४.२५ चौरस मीटर, लोखंडी चेकर पत्रा चौरस मीटरला जवळजवळ २५ किलो. एकशे पाच किलो! म्हणजे ५१ जाळ्यांच्या ४६ झाल्या, दर खेपेला पाच जाळ्या घरी. तोच ३ एमएम अॅल्युमिनियमचा घेतला तर ३६ किलोच्या आसपास, आणि गंजत नाही. महाग पडतो, पण भंगारात विकला तरी पैसे येतात. वाळू, दगड, सळई भरणाऱ्यांनी मात्र अॅल्युमिनियमच्या नादी लागू नका, त्यांना लोखंडच पाहिजे, त्यांचा माल पत्रा खातो. कपडे, पार्सल, पाव, दूध असला माल असेल तर १२ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय ३३ किलोत होतो, कडा रंगानं नीट बंद केल्या तर चार पाच वर्षं जातो.

आम्ही जुनी जमीन पूर्ण उघडली. सडलेला भाग कापला, आडवे चॅनेल घासून वेल्ड केले. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) असलेली गाडी असेल तर त्याचा कनेक्टरही, आणि डिझेल टाकी कुठं आहे ते वेल्डरला हातानं दाखवा. ओलं पोतं आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. चॅसीच्या लांब बीमला वरच्या किंवा खालच्या पट्टीत भोक पाडू द्यायचं नाही, सगळा ताण तिथंच असतो, कंपनीची जी भोकं आणि ब्रॅकेट आहेत त्यावरच काम करून घ्या. लोखंडावर अॅल्युमिनियम सरळ ठेवला की दोघांच्या मध्ये पाणी जाऊन अॅल्युमिनियम पांढरा पडून खातो, म्हणून मध्ये जुन्या ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या टाकल्या आणि बोल्टला वॉशर. चार कोपऱ्यात पाणी जायची भोकं ठेवली. हे वेल्डर हमखास विसरतो, उभं राहून करून घ्या.

मग जाळ्यांसाठी एक छोटी गोष्ट केली जिला खर्च जवळजवळ शून्य. रुंदीत ८० मिमी उरत होतं ना, तिथं दोन्ही बाजूला ४० एमएमची लाकडी पट्टी आतून बोल्टनं बसवली, जुन्या पलंगाच्या. आता तीन जाळ्या गच्च बसतात, वळणावर एक सूतही सरकत नाहीत, आणि बाजूच्या पत्र्यालाही पोचे येत नाहीत. आई म्हणाली पलंग मोडला तेव्हाच मला वाटलं होतं हा पोरगा कशाला तरी वापरणार.

कोथिंबिरीला, मेथीला उंची लागते, वजन नाही. त्यासाठी बाजूच्या खोबणीत बसणारी एक इंची चौकोनी पाईपची सुटी चौकट केली, २४ किलो, चार बोल्ट आणि निघते. वेल्डिंग करून कायमची केलेली नाही. करायच्या आधी आरटीओत माप कागदावर काढून दाखवून विचारलं होतं, तुम्हीही विचारा. फाळक्याच्या साखळ्या, कडी आणि बिजागरी नवी केली, ताडपत्रीसाठी बाहेरून दर फुटावर हूक. हौद्याला एकूण १४,०००.

गंज, कॅबिन आणि डिझेल पंपाचा मोह

खालचा गंज घरीच काढला, मी आणि धाकटा, दोन रविवार. आधी सर्व्हिसिंगवर खालून प्रेशरनं धुऊन एक दिवस उन्हात, मग तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साईड, मग काळा चॅसी पेंट. गंजावर सरळ काळा रंग मारला तर आत गंज वाढतच राहतो, वर मात्र चकाचक. डोळ्याला चष्मा लावा, माझ्या डोळ्यात कण गेला आणि एक दिवस दवाखान्यात गेला. २,२०० खर्च. बाहेरून डेंटिंग पेंटिंग केलंच नाही. दरवाजाला लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करण्यात वीस हजार सहज जातात आणि मार्केटमध्ये पहिल्याच दिवशी कुणीतरी जाळी घासतो.

कॅबिनला ३,०००. सीटचा फोम आणि कव्हर, दरवाज्याचं रबर बीडिंग, पायाखाली जाड फेल्ट टाकून वर रबर मॅट. आवाज निम्मा झाला. मोबाईलचा चार्जर आणि छोटा पंखा. गाण्यांचा टेप नाही, धाकटा अजून नाराज आहे.

इंजिनात काही वाढवायचं नाही. ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, बेल्ट, कूलंट, झालं, आमच्या गाडीला हे आधीच्या मालकानं देताना करून दिलं होतं म्हणून खर्चात धरलं नाही. इंजिनाच्या डिझेल पंपाचं काम करणारा एखादा म्हणेल पंप थोडा वाढवून देतो, घाटात बघा कशी पळते. पळते, खरंय. डिझेल जास्त जातं, हवा तेवढीच, म्हणून काळा धूर, इंजिन तापतं, पीयूसी होत नाही. घाटात गाडी ओढत नसेल तर आधी एअर फिल्टर, क्लच आणि ब्रेक धरून ठेवतोय का ते बघा. आमच्या मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक धरत होता, तो सुटल्यावर ती आपोआप एक गिअर वर चढायला लागली.

बेरीज केली तर ५१,५०० होतात. उरलेले विमा आणि फिटनेसला गेले, आणि अगदी शेवटी फाळक्यावर नाव लिहायला पेंटर. तो आडनाव इतकं मोठं काढत होता की लाल टेप झाकली जात होती, त्याला थांबवून वर लिहायला लावलं.

सगळं झाल्यावर रिकामी गाडी काट्यावर नेली, टाकी अर्धी, मी खाली उतरलेलो. १,६७०. म्हणजे आरसीपेक्षा वीस किलो जास्त, एक जाळीसुद्धा नाही. ती पावती डॅशबोर्डच्या कप्प्यात आरसीबरोबर ठेवलीय, आणि सुटी चौकट लावून परत एकदा वजन करायचंय.